बेसवाल्या भाचीला कानमंत्र

बाळ, बेस गिटार घेतलीस हे ऐकून फार बरं वाटलं. सुरुवात जपानी गाण्यांपासून करणार म्हणतेस, त्याचा आनंद तर जास्तच. ॲनिमे बघता बघता हे वेड लागलं असं तुझी आई सांगत होती. लागू दे. जपानी पॉप-रॉकमध्ये बेस नीट ऐकू येतो आणि गाण्याची घडण पक्की असते. शिवाय शाळकरी मुलामुलींनी वर्षानुवर्षं वाजवलेली सोपी गाणी तिथे भरपूर आहेत. तिकडच्या कितीतरी हायस्कुलांत ‘केइओन-बु’ नावाचा बँडवाल्या मुलांचा क्लब असतो, आणि वर्षातून एकदा ‘बुन्कासाई’, म्हणजे शाळेचा सांस्कृतिक महोत्सव भरतो. तिथे पहिल्यांदा मंचावर चढणारी पोरं जी गाणी निवडतात, तीच तुझ्याही कामाची.

माझं मागणं एकच आहे. गाणं कोणतंही घे, पण पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत न थांबता वाजवता येईल असं घे. आता एकेक ऐक.

१. वाजवायला बसण्याआधी तारा जुळव, काल जुळवल्या असल्या तरी आजही — बेसुऱ्या वाद्यावर रियाज केला की कानालाच बेसुरेपणाची सवय लागते, आणि कानाची खोड बोटांच्या खोडीपेक्षा उशिरा सुटते.

२. खुंटी नेहमी खालून वर चढवत सुरावर आण. सूर पुढे गेलाच तर आधी चांगली उतरव आणि पुन्हा चढव — उतरवत आणलेली तार वाजवता वाजवता आणखी उतरते.

३. जाड ई तारेला ट्यूनर कधी कधी दाद देत नाही. अशा वेळी बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर बोट नुसतं टेकव आणि तार छेड — वरच्या सप्तकातला स्वच्छ सूर ट्यूनरला लगेच कळतो.

४. बोट फ्रेटच्या पट्टीवर नको आणि दोन पट्ट्यांच्या मधोमधही नको; पट्टीला लागून, तिच्या जरा अलीकडे ठेव — तिथे कमी जोरात सूर उमटतो आणि तारेची खरखर होत नाही.

५. पहिल्या तीन फ्रेटांत तर्जनी आणि करंगळी वापर, करंगळीच्या मदतीला अनामिका असू दे — नेहमीच्या बेसची तार घोडीपासून नटपर्यंत ३४ इंच असते, सुरुवातीचे फ्रेट लांब लांब असतात. तिथे चार फ्रेटांना चार बोटं ताणत बसलीस तर मनगट कुरकुरायला लागेल.

६. बोटांची टोकं दुखतील, ते चालतं. मनगट किंवा कोपर दुखलं तर त्याच क्षणी वाद्य खाली ठेव — टोकांना घट्टे पडून आराम मिळतो, सांध्याला तसं काही होत नाही.

७. पट्टा असा बांध की बसून आणि उभं राहून वाद्य एकाच उंचीवर येईल — गुडघ्यापर्यंत बेस सोडलेले रॉकवाले दिसतात रुबाबदार, पण तू बसून शिकलेलं सगळं उभं राहिल्यावर परकं होईल.

८. बोटांनी वाजवायचं की पिकने, यावर वाद घालत बसू नकोस. दोन्ही शीक, आणि गाण्याचा मूळ वादक जे वापरतो ते आधी करून बघ — त्या गाण्याचा आवाज निम्मा तिथूनच आलेला असतो.

९. पिक घेणार असशील तर जपानी बेसवाल्यांचा आवडता मोठा तिकोनी घे, ज्याला ते ओनिगिरी म्हणतात — तो हातात फिरत नाही, आणि एक कोपरा झिजला की दुसरा वापरता येतो.

१०. बोटांनी वाजवताना तर्जनी आणि मधलं बोट आलटूनपालटून चालव, गाणं संथ असलं तरी — एकाच बोटाची सवय लागली की जलद गाण्यात तेच बोट दमतं.

११. केबल लावताना आणि काढताना अँपचा आवाज शून्यावर — तो मोठा धप्प असा आवाज स्पीकरला सोसत नाही, आणि आजीलाही.

१२. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तारा पूस, खालच्या बाजूनेही — घामाने तारेचा आवाज बसतो, आणि बेसच्या तारांचा संच स्वस्त नसतो.

१३. पावसाळ्यात वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाक — ओलाव्याने मान वाकते. जपानातही जून-जुलैत ‘त्सुयु’चा पाऊस लागला की तिकडचे वादक हीच काळजी घेतात.

१४. रात्री हेडफोन लाव — खालचे सूर भिंतीपेक्षा जमिनीतून जास्त जातात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू तुला काही न बोलता थेट तुझ्या आईला बोलतील.

इथवर वाद्याचं झालं. आता खरं काम सांगतो, आणि इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण एवढं समजलं की निम्मी जपानी गाणी तुला आपोआप उलगडतील. कॉर्ड कोणतीही असो, तिचा एक मूळ सूर असतो. त्याला रूट म्हणतात. सी कॉर्डचा रूट सी, ए मायनरचा रूट ए. मूळ सूर योग्य ठोक्यावर देणं हे बेसचं पहिलं काम, आणि सोप्या गाण्यांत बहुतेक वेळ तेच पुरतं. जपानी वादक याला ‘रूट-बिकी’ म्हणतात : एका मात्रेला दोन, म्हणजे चार मात्रांच्या बारमध्ये आठ सूर, सगळे तेच, सगळे सारखे. ऐकायला सोपं आहे. सारखे आठ वाजवून बघ, मग कळेल.

१५. आठ सुरांतला प्रत्येक सूर एकाच जोराचा आणि एकाच लांबीचा हवा — पहिला जोरात आणि आठवा मेलेला असला की गाणं लंगडतं, आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, नुसतं खटकत राहतं.

१६. जाड ई तारेवर ही चार ठिकाणं पाठ कर : पहिल्या फ्रेटवर एफ, तिसऱ्यावर जी, मोकळी तार ई, पाचव्यावर ए. याच क्रमाने प्रत्येकावर आठ-आठ सूर वाजव — जपानी पॉपमध्ये हीच चाल इतकी येते की तिला तिकडे ‘ओओदो शिन्को’, म्हणजे राजमार्गाची चाल असं नावच पडलं आहे.

१७. मग ए पासून सुरुवात कर : ए, एफ, जी, आणि शेवटी बाजूच्या ए तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी — ही कोमुरो चाल. नव्वदीच्या दशकात तेत्सुया कोमुरो या संगीतकाराने ती इतकी वापरली की तिला त्याचंच नाव चिकटलं.

१८. या दोन चाली हाताला बसेपर्यंत तिसरी घेऊ नकोस — मूळ धरी, त्याला गाणं वरी.

१९. मोकळी तार वाजवलीस की ती बंद कशी करायची तेही ठरव : डाव्या हाताची बोटं हलकी टेकव, दाबू नकोस — ई तार सोडून दिली तर पुढच्या दोन कॉर्डांखाली घुमत राहते आणि सगळ्या बँडचा चिखल होतो.

२०. न वाजणाऱ्या तारांवरही हात असू दे : उजवा अंगठा पिकअपवर किंवा वरच्या तारेवर टेकलेला, डाव्या हाताची रिकामी बोटं बाकीच्या तारांवर — नवख्या आणि जुन्या वादकात पहिला फरक ऐकू येतो तो या शांततेचा.

२१. जपानी गाण्याचे भाग तिकडच्याच नावांनी ओळखायला शीक : ए-मेलो म्हणजे कडव्याची सुरुवात, बी-मेलो म्हणजे चढण, साबी म्हणजे सगळे मिळून ओरडतात तो धृपदाचा भाग — तिकडच्या बँड-स्कोअरच्या पुस्तकांत आणि वादकांच्या बोलण्यात हीच नावं येतात.

२२. शेवटच्या साबीआधी कान टवकार — गाणं तिथे अर्धा किंवा एक सूर वर उडी मारतं, ही जपानी पॉपची आवडती खोडी. अशा वेळी घाबरायचं नाही, सगळा हात एक किंवा दोन फ्रेट वर सरकवायचा.

२३. गाण्यातला प्रत्येक सूर तुझ्यापेक्षा बरोब्बर एक फ्रेट खाली वाटत असेल तर चूक तुझी नाही — बरेच जपानी रॉक बँड सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून वाजवतात. चारही तारा तेवढ्याच उतरव आणि पुन्हा बघ.

आता गाणी. यादी मोठी करता आली असती, पण मला ती छोटी हवी आहे. क्रमही मी मुद्दाम लावला आहे, तो शक्यतो मोडू नकोस.

२४. पहिलं घे स्पिट्झ या बँडचं ‘चेरी’, १९९६ सालचं — गाणं सी मेजरमध्ये आहे, वेग मध्यम आहे, आणि कडव्याचे मूळ सूर सी, जी, ए, ई, एफ असे पहिल्या तीन फ्रेटांत आणि मोकळ्या तारांवर मावतात.

हे जवळून बघ, कारण इथे हात कसा जातो ते समजलं की पुढची गाणी याच्यावरून लागतील. सी वाजतो ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, करंगळीने. तीच करंगळी सरळ वर जाड तारेवर, तोच तिसरा फ्रेट, तो जी. मग ए तार मोकळी, मग ई तार मोकळी. इथे डाव्या हाताला क्षणभर विश्रांती असते आणि त्याच क्षणात तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर जाऊन बसते, एफसाठी. तिथून करंगळीने पुन्हा सी, तर्जनीने पुन्हा एफ, करंगळीने जी, आणि कडवं फिरून पहिल्यावर. मनगट कुठेच सरकत नाही. साबी ए मायनरवरून सुरू होते आणि ए, ई, एफ, सी अशी चालते, म्हणजे सूर तेच, क्रम वेगळा. स्पिट्झचा बेसवादक अकिहिरो तामुरा मधूनमधून सुंदर वळणं घेतो, मंचावर तर उड्याही मारतो. तू दोन्ही आत्ता करू नकोस.

२५. ‘चेरी’ आधी प्रत्येक मात्रेला एकच सूर वाजवून पूर्ण कर, मग दोन — अर्ध्या सुरांनी पूर्ण झालेलं गाणं पूर्णच असतं, पण सगळ्या सुरांनी अर्धं झालेलं गाणं अर्धंच राहतं.

२६. दुसरं, द ब्लू हार्ट्सचं ‘लिंडा लिंडा’, १९८७ — सुरुवात संथ आहे आणि मग सगळा बँड एकदम उसळतो. त्या एका क्षणी बरोबर घुसायला शिकलीस की मोजणं म्हणजे काय ते कायमचं कळतं.

२७. हे गाणं पिकने वाजव, सगळे फटके वरून खाली — खाली-वर केलंस तर सोपं जाईल, पण पंक गाण्याचा तो एकसारखा ठोसा जाईल. मनगट सैल ठेव, जोर कोपरातून काढू नकोस.

२८. वेग झेपत नसेल तर संथ लावून वाजव, गाळून वाजवू नकोस — आधी ठेका, मग झोका.

२९. ‘लिंडा लिंडा लिंडा’ हा २००५ सालचा नोबुहिरो यामाशिता यांचा सिनेमा बघ. बुन्कासाईला जेमतेम काही दिवस उरलेले, बँड मोडलेला, आणि उरलेल्या तीन मुली कोरियाहून आलेल्या विद्यार्थिनीला गायिका करून ब्लू हार्ट्सची गाणी बसवतात — त्यातली बेसवाली मुलगी म्हणजे शिओरी सेकिने, बेस बॉल बेअर या बँडची खरीखुरी बेसवादक. तिचे हात बघ, अभिनय नंतर बघ.

३०. तिसरं, ओकिनावाच्या मोंगोल८०० या बँडचं ‘चिइसाना कोई नो उता’, २००१ सालच्या ‘मेसेज’ अल्बममधलं — कियोसाकु उएझु गातो तोच आणि बेस वाजवतोही तोच. गाणाऱ्याला गाता गाता वाजवता येईल अशीच ती चाल आहे, म्हणून तुलाही झेपेल.

३१. इथे ई आणि ए या मोकळ्या तारांचा आधार आहे, बी आणि सी-शार्प ए तारेच्या दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर सापडतील — मोकळ्या तारेवरून दाबलेल्या तारेवर जाताना आवाजाचा पोत बदलतो, तो सारखा ठेवणं हा या गाण्याचा खरा धडा.

३२. छोट्या स्वतंत्र लेबलवर निघालेला हा अल्बम जपानच्या ओरिकॉन यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला, हे लक्षात असू दे — तिघांचा बँड, साधे सूर, आणि तरी सगळा देश गायला लागला. साधं वाजवतेय म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस.

३३. जोरदार गाण्यांचा कंटाळा आला की क्यु साकामोतोचं ‘उए ओ मुइते अरुको’ घे, १९६१ सालचं — हेच गाणं ‘सुकियाकी’ या नावाने १९६३ मध्ये अमेरिकेत बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. चाल चालत्या पावलांची आहे, मात्रेला एक सूर पुरतो, घाई करायला जागाच नाही.

३४. याची चाल बहुतेक ‘योनानुकी’ स्वरांत आहे : चौथा आणि सातवा स्वर गाळलेला. तू लहानपणी भूप शिकलीस ना, म आणि नि वर्ज्य? तेच स्वर — गाण्यात कुठे एखादा सूर भरायचा झाला तर सा रे ग प ध मधला घे, तो सहसा बोचत नाही.

३५. हलकंफुलकं हवं तर ओसाकाच्या शोनेन नाइफ — १९८१ मध्ये दोघी बहिणी आणि त्यांच्या मैत्रिणीने सुरू केलेला बँड, खाण्यापिण्यावर आणि प्राण्यांवर गाणी, तीन-चार कॉर्ड. १९९१ मध्ये निर्वाना या अमेरिकन बँडने त्यांना दौऱ्यावर सोबत नेलं, म्हणजे साधेपणाला दाद देणारे मोठे कानही असतात.

३६. मग जरा मुरल्यावर हॅपी एंडचं ‘काझे ओ आत्सुमेते’, १९७१ — हारुओमी होसोनो स्वतः गातात आणि बेसही त्यांचाच. संथ आहे, पण सूर एकामागून एक चालत खाली उतरतो, तेव्हा पुढच्या कॉर्डकडे जायचं कसं हे इथे शिकायला मिळतं. ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या सिनेमात हे गाणं आहे, आणि हेच होसोनो पुढे यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या बँडचे.

३७. बेस एकटाच सुरुवात करतो असं गाणं तुला हवंच असणार, तर एशियन कुंग-फू जनरेशनचं ‘हारुका कानाता’ ठेव, पण चार गाणी पुरी झाल्यावर — ‘नारुतो’ या ॲनिमेमुळे तुला ते पाठ आहे, आणि पाठ असलेलं गाणं हात हमखास झेपेल त्यापेक्षा जलद ओढायला लावतं.

३८. ‘बोच्ची द रॉक’ या ॲनिमेमधली तुझी आवडती ऱ्यो यामादा या बँडच्याच बेसवादकाच्या, ताकाहिरो यामादाच्या आडनावाची आहे — त्यातल्या बँडमधल्या चौघींचीही आडनावं एशियन कुंग-फू जनरेशनच्या चौघांची आहेत. तेव्हा मूळ यामादा ऐक, नुसती चित्रातली बघून पोट भरू नकोस.

३९. ‘के-ऑन’च्या मिओचा बेस डावखुऱ्यांचा आहे, हे बघून आपला उलटा धरू नकोस — तू उजवी आहेस, आणि पडद्यावरचं बघून बोटं ठेवलीस तर सगळं आरशात शिकशील.

४०. रॅडविंप्सचं ‘झेनझेनझेन्से’ या वर्षी नको — मिनिटाला १९०च्या आसपास ठोके आहेत. ‘युअर नेम’ सिनेमा पुन्हा बघ, गाणं मनसोक्त गा, पण बेस बाजूला ठेवून.

४१. लार्क-आं-सिएल या बँडचा बेसवादक तेत्सुया ऐकायचा खूप, वाजवायचा उशिरा — त्याचा बेस गाण्याच्या शेजारी दुसरं गाणं गात असतो. कान तयार व्हायला त्याच्यासारखा गुरू नाही, हाताला मात्र आत्ता तो पेलणार नाही.

४२. शीना रिंगोचं ‘मारुनोउची सादिस्तिक’, १९९९, हे पुढच्या टप्प्याचं बक्षीस समज — चारच कॉर्ड फिरून फिरून येतात, त्यामुळे पाठ लवकर होतं, पण सेइजी कामेदाने त्यांच्यामध्ये जे सूर ओवले आहेत तिथे खरं शिक्षण आहे.

आता हे सगळं रोज कसं करायचं ते.

४३. गाणं हातात घेण्याआधी पुष्कळ वेळा नुसतं ऐक, आणि फक्त बेसचा भाग तोंडाने गुणगुण — जो सूर तोंडाला येत नाही तो बोटाला नक्की येत नाही.

४४. टॅब समोर ठेव, पण टॅबवर सगळा विश्वास टाकू नकोस — हौशी लोकांनी लिहिलेल्या टॅबमध्ये चुका असतात. कान वेगळं सांगत असेल तर कानाचं ऐक.

४५. मेट्रोनोम मिनिटाला साठवर लावून सुरू कर आणि जमलं तरच थोडं वाढव — हळू वाजवी, तो लवकर शिके.

४६. अडतंय तेवढाच बार वेगळा काढून घोट, प्रत्येक वेळी गाणं पहिल्यापासून सुरू करू नकोस — नाहीतर सुरुवात सोन्यासारखी होते आणि शेवट कायम अनोळखी राहतो.

४७. रियाजाच्या शेवटी मात्र एकदा संपूर्ण गाणं, काहीही झालं तरी न थांबता — चुकेल त्याचं गाणं पुढे जातं, थांबेल त्याचं तिथेच बसतं.

४८. हरवलीस तर वाजवणं सोड, मोजणं सोडू नकोस. पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर मूळ सूर पकडून परत आत ये — गाळलेला सूर फार थोड्यांना कळतो, चुकीचा सूर सगळ्यांना.

४९. फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच रात्री नको — दमलेल्या कानाला सगळंच वाईट लागतं.

५०. रोज थोडं वाजव; रविवारी बसून आठवड्याची भरपाई करू नकोस — बोटं हिशेब ठेवत नाहीत, सवय ठेवतात.

५१. जपानीचा क्लास चालू आहेच, तर वाजवतेस त्या गाण्याचे शब्द समजून घे आणि वाजवताना मनात म्हणत जा — बार मोजण्यापेक्षा शब्द लक्षात ठेवणं सोपं, आणि साबी कधी येते ते शब्दच सांगतात. पुण्यात जपानी शिकणारे कमी नाहीत. वर्गात एखादा ड्रमर सापडतो का बघ.

५२. ड्रमर सापडला की त्याच्या उजव्या पायाकडे लक्ष ठेव — किक ड्रमचा ठोका आणि तुझा सूर एकाच क्षणी पडले की बँड उभा राहतो, मग गिटारवाल्याने काहीही केलं तरी चालतं.

५३. गिटारवाला घाई करेल, गाणारी लांबवेल. तू दोघांच्याही मागे जाऊ नकोस, ड्रमरबरोबर राहा — चौघांपैकी दोघं एकत्र असली की बाकी दोघं परत येतात.

५४. स्टुडिओत तासाचे पैसे भरून बसता, तेव्हा गाणं घरून पाठ करून जा आणि जादा केबल पिशवीत ठेव — तिथला वेळ एकमेकांना ऐकण्यासाठी असतो, आपापला भाग शोधण्यासाठी नाही.

५५. अँपवर खालचे सूर फार वाढवू नकोस, मधले थोडे ठेव — घरी एकटीला जाडजूड छान वाटतं, पण ड्रमसोबत तो आवाज ऐकूच येत नाही आणि मग सगळे आवाज वाढवत सुटतात.

५६. कुणी म्हणालं की बेस ऐकूच येत नाही, तर त्याच्यासमोर एकदा साबीत वाजवणं बंद कर आणि परत सुरू कर — वाद घालायची गरज उरत नाही.

तर आजपासून ‘चेरी’ लाव, पुढचे काही दिवस दुसरं काही नको. न थांबता शेवटपर्यंत गेलीस की मला रेकॉर्डिंग पाठव, चुकांसकट, काहीही न कापता. ते ऐकून ‘लिंडा लिंडा’चा वेग कितीपासून सुरू करायचा ते मी तुला सांगतो.